बनशंकरीला राहिलेलं जेवण

ताई बेंगळुरूला आली तेव्हा तिच्या पिशवीत स्वेटर होता. दोष माझाच. अकरा वर्षं मी तिला फोनवर सांगत आलो होतो, की आमच्याकडे उन्हाळा असा नसतोच, पंखासुद्धा लागत नाही. पहिली एक-दोन वर्षं ते थोडंफार खरंही होतं. पुढे खरं राहिलं नाही, पण सांगायची सवय राहिली. एप्रिलमधल्या त्या दुपारी व्हाइटफील्डला टॅक्सीतून उतरल्यावर तिने धुळीने पांढरी झालेली झाडं पाहिली, पाण्याच्या टँकरची रांग पाहिली आणि म्हणाली, "हे तर आपल्या गावासारखंच आहे की रे." तक्रार नव्हती त्यात. उलट तिला जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी सात वर्षांचा असताना आई गेली आणि ताईची शाळा दहावीत सुटली. माझा डबा, माझं दप्तर, माझा ताप, सगळं तिच्याकडे आलं. तिचं लग्न गावातच झालं, नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी. मेहुणे लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. मग ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायला लागली आणि वीस-बावीस वर्षं तेच करत राहिली. रोज दोनशे मुलांचं जेवण. ऑफिसात कोणी घरच्यांविषयी विचारलं, तर मी सांगायचो, ताई शाळेत होती. ऐकणारा आपोआप तिला शिक्षिका समजायचा. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

त्या एप्रिलमध्ये बायको आणि मुलगी सुट्टीसाठी नाशिकला गेल्या होत्या. घर रिकामं होतं म्हणून मी ताईला म्हणालो, आता ये, निवांत राहा. घर भरलेलं असताना इतक्या वर्षांत तारीख ठरवून का बोलावलं नाही, हे तिने विचारलं नाही. मी स्वतःला विचारतो अलीकडे.

पहिले तीन दिवस ती नवव्या मजल्यावर एकटी होती. मी सकाळी जायचो, अंधार पडता पडता यायचो. घर लख्ख पुसलेलं असायचं, डबे घासून उपडे घातलेले असायचे. दिवसभर काय केलं म्हणून विचारलं, तर ती म्हणायची, गॅलरीतून गाड्या बघितल्या. शनिवारी मी तिला लालबागेत नेलं. मेट्रोत ती खिडकीला नाक लावून बसली. के. आर. पुरमला खाली रेल्वेचे रूळ दिसले, तेव्हा तिने शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून तिला ते दाखवले. ती बाई हसली. मी फोनमध्ये बघत राहिलो.

लालबागेतला खडक तापला होता. चपलेतूनही चटके बसत होते, पण ताई पार वर चढली, पदर डोक्यावर घेऊन चारही बाजूंचं शहर बघून आली. खाली आल्यावर तिचं खाणं सुरू झालं. आधी ताडगोळे. मग मीठ-तिखट लावलेली कैरी. मग चुरमुरी. ती म्हणजे कागदाच्या पुडीत चुरमुरे, किसलेलं गाजर, हिरव्या मिरचीचं वाटण असं सगळं कालवून देतात. ताईने पहिला घास खाऊन थोडा विचार केला आणि सांगितलं, भेळच आहे, पण चिंचेचं पाणी नाही, त्याऐवजी वरून खोबरेल तेल सोडलंय. गाडीवाल्याला तिने खुणेने बाटली दाखवायला लावली. खोबरेलच होतं. तो खूश झाला आणि त्याने तिच्या पुडीत आणखी मूठभर घातली. मी पाण्याची सीलबंद बाटली आणि हात पुसायचे कागद घेऊन मागे उभा होतो आणि दर पदार्थाला तेच सांगत होतो, की पोट बिघडेल, उन्हाचं बाहेरचं खाऊ नये. तिचं पोट काही बिघडलं नाही. रात्री माझंच दुखलं, आणि मी तर तिच्या पुडीतले दोनच घास खाल्ले होते. यावर ती खूप हसली. तिला इतकं हसताना मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

मंगळवारी मी रजा काढली. बनशंकरीच्या देवळात मंगळवारी दुपारी राहुकाळात बायका लिंबाच्या सालीत दिवे लावतात, हे तिने खालच्या वॉचमनच्या बायकोकडून ऐकलं होतं. ऐकलं कसं, कुठल्या भाषेत, देव जाणे. मेट्रोने मॅजेस्टिक, तिथून गाडी बदलून बनशंकरी. देवळाबाहेर ऊन नुसतं ओतत होतं. ताईने लिंबू कापलं, रस पिळून काढला, साल उलटी करून तिची वाटी केली, शेजारणीचं बघून बघून दिवा लावला. नवस काय बोलली ते मी विचारलं नाही.

बाहेर पडलो तेव्हा पाच वाजून गेले होते. बाजाराच्या बाजूने चालताना एका गाडीवर अक्की रोट्टी होत होती. अक्की रोट्टी म्हणजे तांदळाच्या पिठाचं थालीपीठच, कांदा, गाजर, शेपू घालून तव्यावर थापलेलं. गाडी चालवणारी बाई ताईच्याच वयाची होती, कपाळावर मोठं कुंकू, हाताला पीठ. ताई तिच्याकडे बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "हिचा हात बघ. एकदाही उचलत नाही."

त्या बाईने वर बघितलं. मग म्हणाली, "बसा अक्का. स्वल्प थांबा, गरम देतो."

ताई बसलीच नाही. तिने मला विचारलं, ही मराठी बोलली ना. मी काही म्हणायच्या आत त्या बाईनेच सांगितलं, की घरात मराठीच बोलतात, पाच पिढ्या झाल्या इथे येऊन, आजोबांचे आजोबा कापड शिवायला आले ते राहिलेच. तिची मराठी मला धड ओळखू येत नव्हती. बाई असून ती 'देतो', 'करतो' म्हणायची, मधे मधे 'बरं, बरं' अशा अर्थाचं 'सरी, सरी' यायचं आणि अर्धे शब्द कानडी. ताईला मात्र कुठेच अडलं नाही. दुसरी रोट्टी खाता खाता तिने विचारलं, मी एक थापू का. मी नको म्हणालो. त्या बाईने सरकून जागा दिली.

पुढचा अर्धा तास माझी बहीण बनशंकरीच्या रस्त्यावर गाडीमागे उभी राहून रोट्ट्या थापत होती. पदर कमरेला खोचलेला, चेहरा घामाने आणि तव्याच्या धगीने लाल झालेला. गिऱ्हाइकं तिला कानडीत काहीतरी सांगत होती आणि ती मान हलवत होती. त्या बाईने विचारलं, अक्का, तुम्ही काय करत होता. ताईने सरळ सांगितलं, शाळेत दोनशे पोरांची खिचडी करत होते. बाई म्हणाली, "दोनशे? एकट्या?" आणि मग त्यांचं चुलीविषयी, मोठ्या पातेल्याविषयी, हाताला बसणाऱ्या चटक्यांविषयी जे सुरू झालं ते थांबेना. दोघींनी बाह्या सरकवून एकमेकींना डाग दाखवले. त्याच वेळी माझ्या फोनवर ऑफिसातल्या एकाचा व्हिडिओ कॉल आला. मी चार पावलं लांब जाऊन भिंतीकडे तोंड केलं आणि कॅमेऱ्यात भिंतच दिसेल अशा बेताने बोललो.

परत आलो तेव्हा आमंत्रण होऊन गेलेलं होतं. त्या बाईची आई ऐंशीच्या पुढची होती, अंथरुणाला खिळल्यासारखीच, मागच्या गल्लीतल्या घरात. तिने महाराष्ट्र कधी पाहिला नव्हता. तुळजापूरची देवी त्यांची कुलदेवता, पण जाणं कधी घडलं नाही. 'मुलखातलं' माणूस घरी आलं तर तिला फार आनंद होईल, असं ती बाई म्हणाली. रविवारी गाडी बंद असते, तर रविवारी जेवायला या.

"येते," ताई म्हणाली. "नक्की येते."

ताईचे हात पिठात होते म्हणून नंबर माझ्या फोनमध्ये घेतला, माझा त्या बाईला दिला. अशा तऱ्हेने दोघींच्या मधे मी आलो.

त्या आठवड्यात ताई रविवारसाठीच जगत होती असं म्हटलं तरी चालेल. गावाहून आणलेले शेंगदाणे भाजून तिने खलबत्त्यात चटणी कुटली. खलबत्ता आमच्याकडे नव्हता. शेजारच्या तेलुगू कुटुंबाकडून मागून आणला. म्हातारीला बाजरीची भाकरी खाऊ घालायची म्हणून बाजरीचं पीठ वेगळं बांधून ठेवलं. माझ्या बायकोसाठी आणलेल्या दोन खणांपैकी एक म्हातारीच्या ओटीसाठी बाजूला काढला आणि मला विचारलं, चालेल ना रे. मी हो म्हणालो. संध्याकाळी ती मला म्हणायची, म्हातारीला काय काय सांगायचं ते आठवून ठेवतेय. तुळजापूरला ती दोनदा गेली होती. देवळाच्या पायऱ्या किती, कुंड कसं, हे सगळं ती मनात जुळवत होती.

शुक्रवारी ऑफिसात आमच्या साहेबांनी रविवारच्या गृहप्रवेशाचं सगळ्यांना सांगितलं. त्यांचा नवा फ्लॅट आमच्यापासून दहा मिनिटांवर. पूजा सकाळी, जेवण दुपारी, ज्याला जमेल त्याने यावं. ना आग्रह होता, ना मी गेलो नसतो तर कोणाच्या लक्षात आलं असतं. सकाळी पूजेला डोकावून दुपारी बनशंकरीला जाणंही जमण्यासारखं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

खरं कारण ते नव्हतंच. त्या गल्लीतल्या घरात जाऊन बसायचं, अंथरुणावरच्या म्हातारीसमोर, ताटात काय येईल ते खायचं, आणि आम्ही तुमच्यातलेच असं ताई म्हणत असताना मान डोलवायची, हे मला नको होतं. तशा घरातून निघून यायला मला बरीच वर्षं लागली होती, असं काहीतरी माझ्या मनात होतं. ते त्या वेळी मी इतक्या स्पष्ट शब्दांत स्वतःशीही बोललो नाही. मी स्वतःला सांगितलं, की ऊन फार आहे, जाऊन-येऊन तीन तास लागतात, ताईला त्रास होईल.

शनिवारी संध्याकाळी त्या बाईचा फोन आला. ताई तेव्हा खाली बागेत गेली होती. बाईने विचारलं, अण्णा, उद्या किती वाजता येता, आईला सांगून ठेवलंय. मी म्हणालो, ताईला ऊन लागलंय, ताप आलाय, डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हणून सांगितलंय. इतकं सहज आलं ते तोंडातून.  बाईने तापाचं नीट विचारलं, किती आहे, काही खातात का. शेवटी म्हणाली, "मी डबा घेऊन येऊ का? मेट्रो आहे की आता तिकडे."

मी घाईघाईने नको म्हणालो. बरं वाटलं की आम्हीच येऊ, असंही म्हणालो.

ताई वर आल्यावर मी तिला सांगितलं, की त्या बाईंचा फोन होता, त्यांना अचानक नातेवाइकांकडे गावाला जावं लागतंय, उद्याचं राहिलं. ताईने चपला काढून जागेवर ठेवल्या. म्हणाली, "म्हातारीला घेऊन?" मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. मी म्हणालो, हो, बहुतेक. ती बरं म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. पीठ बांधलेली पिशवी तिने सोडली आणि त्या रात्री आम्ही बाजरीची भाकरी खाल्ली. खलबत्ता तिने परत नेऊन दिला.

रविवारी मी एकटाच गृहप्रवेशाला गेलो. तिथे ताईला नेण्याचा प्रश्न माझ्या मनात आला नाही, की मी येऊ दिला नाही, हे आता सांगता येणार नाही. तासाभरात परत आलो. साहेबांशी दोन वाक्यं बोलणं झालं. दुपारी तिला मॉलमध्ये नेलं, तिथे गारवा होता. काचेच्या टेबलावर डोसा मागवला. तिने तो सगळा खाल्ला, चांगला आहे म्हणाली. थकल्यासारखी दिसत होती. मंगळवारी ती गावी गेली. स्वेटर न वापरता होता तसाच घडी केलेला परत गेला.

पुढे पाच-सहा महिने गेले. फोनवर ताई बेंगळुरूविषयी बोलायची, खडकाविषयी, खोबरेल घातलेल्या चुरमुरीविषयी. त्या बाईविषयी एकदाच बोलली. म्हणाली, पुन्हा फोन आला होता का तिचा. मी नाही म्हणालो. ते खोटं नव्हतं, कारण बाईचा नंबर मी कधीच ब्लॉक केला होता. तिचा तापाची चौकशी करणारा फोन येईल आणि ताई घरात असेल, या भीतीने त्याच शनिवारी केला होता.

नोव्हेंबरमध्ये एका कामासाठी बनशंकरीला जावं लागलं. रोट्टीची गाडी टाळून दुसऱ्या रस्त्याने जाता आलं असतं. का कोण जाणे, पाय तिकडेच वळले. बाईने मला लांबूनच ओळखलं. हात पुसत पुढे आली आणि पहिलं हेच विचारलं, अक्का बऱ्या झाल्या का. "मी फोन करत होतो, लागला नाही," म्हणाली. फार वाटत होतं, की आपल्याच रोट्ट्यांनी, तव्याच्या धगीने आजारी पडल्या की काय. उन्हात पाहुण्या बाईला आपण उभं केलं, म्हणून आई आपल्यावर रागावली होती.

मी आईची चौकशी केली. आई गणपतीच्या आधी गेली होती. त्या रविवारविषयी तिने स्वतःहून सांगितलं, मला दोष द्यायला नाही, आठवण म्हणून. आईने पहाटेच अंघोळ घालायला लावली होती, नऊवारी नेसवून घेतली होती. पाहुणे येत नाहीत हे बाईला आदल्या दिवशीच कळलं होतं, पण आईला सांगायला तोंड होईना, म्हणून दुपारी दोनपर्यंत सांगितलं नाही. मग आईने विचारलं, तुळजापूर त्यांच्या गावाहून किती लांब असेल.

मी काय करायला हवं होतं ते स्पष्ट होतं. तिथेच तिला खरं सांगायला हवं होतं. मी रोट्टी खाल्ली, वाईट वाटलं म्हणालो आणि निघालो. मेट्रोत बसायला जागा होती तरी व्हाइटफील्डपर्यंत उभाच राहिलो.

ताईला मात्र त्या आठवड्यात सांगितलं. फोनवरच, कारण समोर बसून सांगायची हिंमत नव्हती. सगळं सांगितलं. ताप, गावाला जाणं, नंबर बंद करणं, म्हातारी. कारणही सांगायचा प्रयत्न केला, पण ते शब्दांत येताना इतकं क्षुद्र वाटलं, की मधेच थांबलो.  

ताई म्हणाली, "मी त्या बाईला नावं ठेवली रे. गावात सगळ्यांना सांगितलं, शहरातली माणसं तोंडदेखलं जेवायला बोलावतात आणि ऐन वेळी गावाला जातात."

मी चुकलो म्हणालो.  ती रागावली असती, रडली असती, तर मला सोपं गेलं असतं. तिने फक्त नंबर मागितला, कागद-पेन्सिल घेऊन आली आणि एकेक आकडा दोनदा म्हणून लिहून घेतला.

त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं, तेव्हा ताई म्हणाली, झालं बोलणं. बाईला तिने खरं सांगितलं असणार. ताई माझ्यासाठी खोटं बोलली असेल असं मला वाटत नाही, आणि बोलली असेल तर तेही मला सहन होणार नाही. त्यानंतर मी बनशंकरीला गेलो नाही. माझ्या नंबरावर त्या बाईचा फोन आला नाही. मी आता ब्लॉक काढला आहे.

दिवाळीनंतर मी ताईला पुन्हा बोलावलं. आता बायको, मुलगी सगळे आहोत, ये, असं म्हणालो. ऑफिसातही मी सांगितलंय, माझी बहीण शाळेत स्वयंपाक करायची, म्हणून. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. एकाने नुसतं अच्छा म्हटलं आणि चहा संपवला. ताई म्हणाली, गुडघे दुखतात, एवढा प्रवास नको वाटतो. बघू.

आणि जानेवारीत गावाहून चुलतभावाने सहज एक फोटो पाठवला. तुळजापूरला देवळाच्या पायऱ्यांवर ताई बसली आहे आणि तिच्या शेजारी ती बाई. दोघींच्या कपाळावर हळद, दोघी उन्हाने डोळे बारीक करून बघताहेत. चुलतभावाकडूनच कळलं, की बाई बेंगळुरूहून एकटी रेल्वेने सोलापूरला आली, ताई एसटीने तिथे गेली, दोघींनी म्हातारीच्या नावाने देवीची ओटी भरली, दोन दिवस राहिल्या आणि आपापल्या गावी परतल्या. बाई माझ्याच शहरातून निघाली होती आणि मला पत्ता नव्हता.

मी ताईला फोन केला. मला का नाही सांगितलंस, मी गाडी करून दिली असती, मीही आलो असतो, असं काहीबाही बोललो. ती भाजी निवडत असावी, देठ मोडल्याचा आवाज येत होता.

"तुला सुट्टी मिळाली नसती," ती म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात. मग तिने मुलीच्या परीक्षेचं विचारलं.